दगडाची पाठ

संग्रहालयात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. पांढरा कोट घालून ती फुटक्या मूर्ती आणि तडकलेले शिलालेख बरे करायची. पेशंट कुरकुरत नाहीत, यातच ती खूश असे.

एकदा ती भावाच्या छापखान्यात डोकावली आणि दारातच थबकली. दोरीवर झेंडे वाळत होते आणि प्रत्येकावर तिचाच एक पेशंट होता: शिरस्त्राण घातलेला, करारी जबड्याचा, शिळेवर कोरलेला सैनिक. खाली लाल अक्षरं : 'या मातीचं शुद्ध रक्त'.

"दादा, कुणाचं काम हे?"

"संघटनेचं. रविवारी मोर्चा आहे, उपऱ्यांना हाकला म्हणून." दादाने शाईचे हात पुसले. "आणि नुसतं काम नाही गं. मला पटतंय ते."

"अरे, हाच तर उपरा! समुद्रापलीकडून आलेला. दगडाच्या पाठीवर लिहिलंय तसं."

"पाठ कोण बघतंय?"

त्याने हसण्यावारी नेलं, पण तिच्या ते जिव्हारी लागलं. खरंच होतं ना! दगड तीस वर्षं भिंतीला टेकून उभा होता. तिनेही पाठ वाचली होती ती कुणीतरी पूर्वी घेतलेल्या कागदी ठशावरून.

दगड भिंतीपासून हलवायची परवानगी मागायला ती तडक संचालकांकडे गेली.

"कशाला विस्तवाशी खेळताय, बाई?" साहेब म्हणाले. "मोर्चा तर होऊन जाऊ दे."

"साहेब, पाठीची तपासणी तीस वर्षांत झालेली नाही. ओल धरली असेल, तर उत्तर कोण देणार?"

साहेबांनी तिच्याकडे न बघताच सही ठोकली.

शनिवारी चौघा शिपायांनी दगड ढकलत दालनाच्या मधोमध आणला. पाठीला खरोखरच ओल होती. मऊ ब्रशने तिने धूळ काढली, एकेक अक्षर उघडं पडत गेलं. मग साध्या भाषेतला अर्थ मोठ्या अक्षरांत लिहून तिने शेजारी लावला.

रविवारी मोर्चेकरी फोटो काढायला आत आले. त्यांचा पुढारी कडक इस्त्रीचा, बोलायला गोड.

"ताई, तो कागद काढा. आमच्या पूर्वजाचा अपमान आहे."

"तुमच्या पूर्वजाच्या बायकोने लिहिलंय ते," ती म्हणाली आणि तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'हा दूरच्या बेटावरून आला. आमची भाषा शेवटपर्यंत मोडकीतोडकीच बोलला. माझ्या वडिलांनी याला घरात घेतलं. हा दगड मी उभा केला.'"

गर्दीत कुणीतरी फस्सकन हसलं. पुढाऱ्याचे कान लाल झाले.

"तुम्हीच कोरलंय हे!"

"खाचांत शेकडो वर्षांचा थर बसलाय. या, बघा." तिने भिंग पुढे केलं.

त्याने ते घेतलं नाही. एक धिप्पाड गडी पुढे सरकला. ती दगडाला पाठ लावून उभी राहिली.

"हात लावायचा नाही."

तेवढ्यात गर्दीतून दादा आला. झेंडा काखेत मारून त्याने तिच्या हातातलं भिंग घेतलं, वाकून बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं. घोषणा देत सगळे बाहेर पडले. दादाही त्यांच्यातच.

सोमवारी फाटकावर तिच्या नावाने 'विकाऊ बाई' अशी पत्रकं चिकटली होती. साहेब घाबरले, दगड पुन्हा भिंतीला लावा म्हणाले. तिने ओलीचा लेखी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवला. दगड मधोमधच राहिला. रोज अकरा वाजता ती येणाऱ्याजाणाऱ्यांना पाठ वाचून दाखवू लागली. कधी दोघं असत, कधी शाळेचा अख्खा वर्ग.

आठवड्याने दादाचा फोन आला.

"सैनिक बंद केला त्यांनी. आता सिंह आलाय, जुन्या नाण्यावरचा."

"आणि छापतोय कोण?"

तो म्हणाला, "तुझ्याकडेच आहे ना ते नाणं? म्हणून कानावर घातलं." आणि त्याने फोन ठेवला.

तिने कोट चढवला, किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि ती त्या नाण्याची मागची बाजू वाचायला नाण्यांच्या दालनाकडे निघाली.