पुडीसारखी घडी घातलेली मतपत्रिका

मी उदगीरच्या कचेरीतल्या लाखबंद पाकिटातून बोलतेय. मी एक मतपत्रिका. वजन म्हणाल तर नखाएवढं, किंमत म्हणाल तर एक मत.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाट्या नव्या, शिक्के नवे. दुष्काळ तेवढा जुनाच चालवून घेतला होता. जळकोटजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या प्रभागात जागा एक, उमेदवार दोन. देविदासची छत्री, माणिकप्पाची कपबशी. वस्तीवरच्या बायका पाण्यासाठी दोन मैल चालायच्या. देविदास निवडून आला, तर वस्तीला हापसा मागणारं एक तोंड पंचायतीत जाणार होतं.

उन्हाने शाईचं पॅड वाळलं, म्हणून शिपायाने त्यावर पाणी ओतलं. गावाला प्यायला नव्हतं, पॅडला मिळालं. एका म्हातारीने छत्रीवर शिक्का मारला आणि शाई ओली असतानाच माझी बारीक घडी घातली.

"काय गं बुडे, मिसरीची पुडी बांधलीस व्हय?" मागून पारूबाईने विचारलं.

"तुझ्या डोळ्याला दिसू न्हाई म्हनून बांधली. सरक तिकडं!"

मोजणीत मला उलगडलं, तर छत्रीवर एक शिक्का, कपबशीवर दुसरा. मोजणीवरच्या साहेबांना शेवटची बस गाठायची होती. त्यांनी मला बाद केलं. दोघांना शहाण्णव-शहाण्णव मतं पडली आणि चिठ्ठी निघाली माणिकप्पाची. अशी घडी कोण घालतं, हे गावाला ठाऊक होतं. "हिच्या पुडीनं हापसा ग्येला," असं बायका तोंडावर म्हणू लागल्या. म्हातारीने मिसरी सोडली.

देविदास न्यायालयात गेला.

"हरलेल्याला मोजणी नेहमीच चुकलेली वाटते," न्यायाधीश म्हणाले. "नेमकं काय चुकलं?"

देविदासच्या प्रतिनिधीने मोजणीच्या दिवशीच लेखी हरकत दिली होती. ती वाचूनच फेरमोजणीचा हुकूम निघाला. पाकिटाची लाख दोन्ही बाजूंना दाखवून मग फोडली. वकिलांनी बघायचं, हात लावायचा नाही. सरकारी टेबलावर इतका वेळ कुणी जांभई दिली नाही, हे मी प्रथमच पाहिलं.

माझी पाळी आली. माणिकप्पाचे वकील उठले. "साहेब, ती बाई मागच्या बाकावर बसलीय. मत कुणाला दिलं, तिलाच विचारा की!"

म्हातारीने पदर घट्ट धरला.

"ते मी विचारणार नाही, तुम्हीही नाही," न्यायाधीश म्हणाले. "तिच्या नवऱ्यालासुद्धा तो हक्क नाही. जे विचारायचं ते कागदाला विचारू."

त्यांनी मतदानाचा शिक्का मागवला. त्यात वाकड्या बाणांची फुली असते. कोऱ्या कागदावर तो उमटवून त्यांनी स्वतः पुडीसारखी घडी घातली आणि उलगडली. मूळ ठशाचे बाण एकीकडे वळलेले, घडीने उठलेल्या ठशाचे उलट बाजूला. मग भिंग माझ्यावर धरलं. छत्रीवरचे बाण सरळ, कपबशीवरचे उलटे.

"मत छत्रीला. वैध."

सत्त्याण्णव विरुद्ध शहाण्णव. देविदास निवडून आला.

बाहेर माणिकप्पा म्हणाला, "आजी, तुमच्या घडीनं आमची खुर्ची ग्येली बघा."

"मला काय इचारतोस? साहेबानं बी इचारलं न्हाई," म्हातारी म्हणाली. मग सोबत आलेल्या पारूबाईकडे वळली, "दे गं मिसरी."

आता मला नष्ट करायचा हुकूम आलाय. जाता जाता एवढंच सांगते, शिक्का मारल्यावर घडीआधी जरा फुंकर घाला. दरवेळी असे न्यायाधीश भेटतीलच असं नाही. त्या म्हातारीचं नाव मात्र माझ्या तोंडून निघणार नाही, ते माझ्यासोबतच जळेल.