एंगेज लागला तर थांबा

बाईंनी दारू सोडली आणि व्यसनमुक्तीच्या संस्थेने बाईंना धरलं. शाळेत गणित शिकवता शिकवता पिऊन भर वर्गात पडलेली आणि त्यातून सुधारलेली बाई आयती हाती लागल्यावर संस्था सोडते होय! जिथे माईक तिथे बाई. दरवेळी तेच सांगायचं, मी कशी पडले, पोरं कशी हसली. लोक डोळे पुसत घरी जायचे. बाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

"काही महिने भाषणं बंद," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत."

संस्थेच्या सरांनी मान डोलावली. "विश्रांती घ्याच. फक्त हे अधिवेशन होऊन जाऊ दे. आणि बाई, त्या गोळ्यांनी तुम्ही स्टेजवर पेंगता हो. तेवढ्यापुरत्या बंद ठेवा की."

त्यात मदतीच्या फोनवर बसणारा माणूस काम सोडून गेला. संस्थेच्या नंबरवर येणारे फोन कुणाच्या तरी मोबाइलवर वळवायला हवे होते. "द्या माझ्याकडे," बाईच म्हणाल्या. आयुष्यात एका बाटलीला नाही म्हणायला शिकल्या, त्यातच सगळं बळ संपलं होतं.

बाई धाकट्या बहिणीकडे राहायच्या. ती भडकली. "अगं, जगाचे फोन उचलतेस आणि माझा कापतेस. तुला काही झालं तर ते सर येणारेत का उशाशी बसायला?"

"मला नको शिकवूस," बाई म्हणाल्या. बहिणीने हात टेकले.

अधिवेशन दणक्यात झालं. फोटो काढून सर पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले. बाई जेवल्या का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. भर दुपारी त्या एकट्या बाहेर पडल्या. गोळ्या बंदच होत्या. पाय आपसूक दारूच्या दुकानाशी थांबले.

मग लोकांना शिकवतात तेच त्यांनी केलं. संस्थेचा नंबर लावला. एंगेज. 'एंगेज लागला तर थांबा, तुमच्याहून अडलेलं कुणी बोलत असेल,' हे त्याच सांगायच्या. थांबल्या. पुन्हा लावला. एंगेज. असेल बिचारं कुणी, म्हणून पुन्हा थांबल्या. बऱ्याच वेळाने डोक्यात प्रकाश पडला. नंबर वळवला होता तो याच फोनवर. बाई स्वतःलाच फोन लावत होत्या.

त्यांनी बहिणीचा नंबर काढला. पण सांगणार काय? तू म्हणालीस तेच झालं, असं? मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. नाही लावला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे कुणी अनोळखी बाई रडत होती. दारूच्या दुकानासमोर उभी आहे म्हणाली.

"घाबरू नका, मी आहे," बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत, स्टेजवरचा. "आधी दुकानाकडे पाठ करा. घरी कोण आहे? बहीण? मग लाजायचं कशाला? चला, घरी पोहोचेपर्यंत मी बोलतेय तुमच्याशी."

ती चालत राहिली. शेवटी दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ कुणाचं तरी "अगं, ये ना आत."

"देवमाणूस आहात तुम्ही," ती म्हणाली.

"काळजी घ्या," म्हणून बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि दुकानदाराला बोटाने बाटली दाखवली.

"छोटी देऊ का मोठी?"

"मोठी," बाई म्हणाल्या.