तेराव्याला विचारायचं राहिलं

मित्रांनो, मी एक जुनी काळी पेटी आहे. मिरजेत राहून ‘पेटी’ म्हटलं की लोक सूर लावायला बसतात, म्हणून आधीच सांगते, माझ्यातून गाणं येत नाही. नुसती घरघर येते, तीही पंख्याची. एका रक्तपेढीच्या सामानाच्या खोलीत, वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

माझं काम नवे संगणक तयार करण्याचं. खोक्यातून निघालेला संगणक तान्ह्या बाळासारखा असतो. त्याला नाव नसतं, मराठी येत नाही, शेजारचा प्रिंटरही तो ओळखत नाही. रक्तपेढीचे संगणक सांभाळणारा सम्मेद पूर्वी हे सगळं एकेकाला हातानं शिकवायचा. माणूस गोड, पण धीर कमी. एका संगणकामागे अर्धा दिवस जायचा आणि चार कप चहा. शेवटी कंटाळून त्यानं भंगारातल्या दोन संगणकांचे भाग जोडले आणि मला उभं केलं. माझ्यापासून एक पिवळी तार निघायची, ती अनेक तारा जोडायच्या एका चपट्या खोक्यात जायची. त्या खोक्याला नवा संगणक जोडून चालू केला की तो माझं दार वाजवायचा. मी त्याला आधी पार कोरा करायची, मग हवं ते सगळं भरायची आणि नाव द्यायची. चाळीस मिनिटांत बाळ कामावर.

पण कोरा करण्याआधी मी पडद्यावर विचारायची, ‘हा संगणक नवा आहे ना?’ कुणी ‘हो’ दाबल्याशिवाय मी पुढे हलत नसे.

एकदा रक्तपेढीचे अध्यक्ष पायगोंडाअण्णा माझं काम बघायला आले. तीन संगणकांवर तीनदा माझा प्रश्न आला तसे ते म्हणाले, “सम्मेद, सगळं आपोआप म्हणतोस, आन ही सारखं काय इचारती रं? पोरगी बघायला आलीया व्हय?”

सगळे हसले. सम्मेदचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी त्यानं माझा प्रश्न काढून टाकला. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं. कुणाची वाट बघायला नको. दार वाजलं की कोरा कर, भर, नाव दे. मी स्वतःला फार हुशार समजू लागले.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. आमच्याकडे रक्त तपासायची यंत्रं, वजनकाटा, शीतपेट्या, सगळ्यांना झेंडू मिळतो. त्या वर्षी बारा नवे संगणक आले होते. आरती चालू असतानाच बाराही तयार व्हायचे, असा सम्मेदचा बेत. लांब टेबलावर रांग लागली, बारा तारा खोक्यात गेल्या आणि मला शेजारच्या स्टुलावर बसवलं.

त्याच सकाळी सुरेखाताईंना एका दवाखान्यातून फोन आला होता. सुरेखाताई रक्तदात्यांच्या नोंदी ठेवतात. मेढ्याकडची शिवांजली नावाची बाई बाळंतपणाला आलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलेलं. तिचं रक्त बॉम्बे गटाचं, हजारोंत एखाद्याचं, आणि तिला दुसऱ्या कुठल्याच गटाचं चालत नाही. हे रक्त शीतपेटीत सहसा नसतंच. ज्याच्या अंगात आहे त्यालाच बोलवावं लागतं. तपासण्यांना रात्र जाते, म्हणून दाता संध्याकाळी सहापर्यंत मिरजेत हवा होता. अशा दात्यांची यादी एकाच ठिकाणी होती, ताईंच्या सोळा वर्षं जुन्या, पिवळट पडलेल्या संगणकात. आधीची वही पुराच्या पाण्यात गेली होती. यादीची दुसरी प्रत दसरा झाल्यावर काढू, असं सम्मेद म्हणाला होता.

“आरती झाली की लगेच फोन लावते,” ताई म्हणाल्या.

तेवढ्यात साळूबाई कडाडल्या. त्या रक्तपेढीची झाडलोट करतात, पण सगळ्यांना धाकात ठेवतात. “आवं, नव्यांची पूजा आन म्हाताऱ्याला कोपरा? लय राबलाय त्यो.”

ते ताईंनाही पटलं. साळूबाईंनी म्हाताऱ्याचा, म्हणजे ताईंच्या त्या पिवळट संगणकाचा प्लग काढला, त्याला उचलून रांगेच्या शेवटी ठेवलं, हार घातला, वीज दिली. बाकीच्यांना तार आहे तर याला का नको, म्हणून खोक्यात रिकाम्या दिसलेल्या जागी त्याचीही तार खोचली.

मित्रांनो, त्या म्हाताऱ्याच्या पोटातला बटणाएवढा सेल संपला होता. वीज तुटली की सुरुवात कुठून करायची हे तो विसरायचा आणि आधी तारेवर विचारायचा, कुणी आहे का? एरवी त्याच्या तारेवर कुणी उत्तर देत नसे. मग तो मुकाट स्वतःच्या आठवणींकडे वळायचा.

आज तारेवर मी होते.

आरती सुरू झाली. एकामागून एक दार वाजलं. बारा थापा झाल्या. मग तेरावी आली, जरा दमलेली, सावकाश. मी ओळखलं नाही. मोजायला मला कुणी शिकवलं नव्हतं आणि विचारणं माझ्याकडून काढून घेतलं होतं. मी त्यालाही कोरा करायला घेतलं.

“बया! म्हातारा बी शिकाय बसला जणू,” साळूबाई हसल्या.

ताईंनी टाळ्या वाजवता वाजवता वळून पाहिलं. म्हाताऱ्याचा पडदा बाकीच्यांसारखा निळा झालेला, आणि त्यावर आकडा चढतोय. सात. आठ. त्यांची टाळी हवेतच राहिली.

“सम्मेद! माझी यादी!”

सम्मेदच्या हातात पेटत्या निरांजनाचं ताट. ठेवायला जागा नाही, टेबलभर फुलं आणि तारा. त्यानं ताट अण्णांच्या हाती दिलं, तोवर नऊ. साळूबाईंनी वाट बघितली नाही. त्यांनी माझी पिवळी तार धरली आणि अशी हिसडली की तिच्याबरोबर मीही स्टुलावरून खाली फरशीवर आले.

घंटा थांबली.

“किती गेलं?” अण्णांनी विचारलं.

“नऊ टक्के.”

“मग एक्क्याण्णव हाय की!”

“अण्णा, पहिल्यांदा अनुक्रमणिकाच जाते. पानं असतील, पण कुठलं पान कुठं आहे ते कुणाला सांगता येणार?”

ताईंनी आसपासच्या रक्तपेढ्यांना फोन लावले. सगळीकडून नकार. साडेअकरा झाले होते. सम्मेदनं म्हाताऱ्याच्या पोटातली आठवणींची तबकडी काढली आणि मलाच जोडली. जिनं घालवलं तिनंच शोधायचं. माझा पत्रा चेपला होता, पंखा जाळीला घासत होता. मी एकेक पान उलटू लागले. रिकामं. अर्धवट. भलतंच. एक वाजला. प्रसादाला कुणी हात लावला नाही.

“त्या पोरीच्या आईला काय सांगू रं मी?” ताई म्हणाल्या.

“चूक माझी, ताई. प्रश्न मी काढला.”

“तार मी खोचली,” साळूबाई पुटपुटल्या.

अण्णा खुर्चीत बसून होते. तिथूनच म्हणाले, “आन हसलो मी.”

दोन वाजून वीस मिनिटांनी यादीचं एक पान हाती लागलं. बहुतेक ओळींच्या जागी नुसते चौकोन. एकच ओळ धड होती. मानसिंग, माजी सैनिक, कोयनानगर, आणि पुढे नंबर.

ताईंनी फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

“कोण? जरा थांबा, जीपला हार घालतुया.”

“मानसिंगदादा, मिरजेहून सुरेखा बोलते. रक्त पाहिजे. आजच, सहाच्या आत.”

“आलो की. हार वाटंत बांधतो.”

“घाटानं सावकाश या हो.”

“आवं ताई, त्या वळणांस्नी मी पाठ हाय!”

पावणेसहाला जीप दारात उभी राहिली. हार एकाच बाजूनं लोंबत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, शिवांजली बरी आहे आणि मुलगी झाली. साळूबाईंनी कालचे पेढे आज वाटले.

त्या दिवशी घरी जाण्याआधी सम्मेद माझ्यासमोर फरशीवर बसला आणि त्यानं माझा प्रश्न मला परत दिला. यादीच्या दोन प्रती करायला मात्र पुढचा महिनाभर लागला, कारण बाकीच्या दात्यांना ताईंना गावोगाव शोधावं लागलं.

आता नवे संगणक इंटरनेटवरून परस्पर तयार होतात. माझी पिवळी तार गुंडाळून ठेवली आहे. पण सम्मेदनं त्या नव्या व्यवस्थेतही एक प्रश्न घातलाय म्हणे, आणि अण्णा स्वतः उभं राहून ‘हो’ दाबतात.

मित्रांनो, उद्या तुम्ही माझ्याहून वेगवान यंत्रं बनवाल. जरूर बनवा. फक्त त्यांना विचारू द्या, आणि ती विचारत राहिली तर त्यांना हसू नका. त्या प्रश्नापलीकडे कुणाचा तरी जीव असतो, तो यंत्राला दिसत नाही. तुम्हाला दिसतो.

तो म्हातारा आता माझ्याच फळीवर असतो. खंडेनवमीला साळूबाई आम्हा दोघांची धूळ झटकतात आणि दोघांत मिळून एकच हार घालतात. तेव्हा मी त्याला विचारून घेते, तू नवा नाहीस ना? मला वीज नाही, त्याला आठवण नाही. तरी विचारते.