ओल्या फळीवरचा हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. म्हणून माझी कीव करू नका. करायचीच तर माझ्या मालकाची, राधाकृष्णाची करा. हिंगोलीच्या कचेरीत बसून अख्ख्या जिल्ह्याला शहाणपण शिकवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराची भिंत ओली की कोरडी, हे कळत नव्हतं.

शिरड शहापुरात त्याच्या वडिलांनी मागची खोली बांधली, तेव्हा पावसाच्या बाजूला आम्हा फळ्यांची भिंत केली. एकीवर दुसरीची कड चढवलेली, म्हणजे पाणी बाहेरच्या बाहेर गळावं. दर उन्हाळ्यात ते आम्हाला जवसाचं तेल पाजायचे, कुजलेली फळी काढून नवी ठोकायचे. लोक मुद्दाम बघायला यायचे. आतून आम्हाला खेटून गंगूताईंची, म्हणजे राधाकृष्णाच्या आईची बाज होती. त्यांना दमा. कोरडी जागा हेच त्यांचं औषध.

वडील गेले आणि तेल बंद झालं. राधाकृष्णाने हळद शिजवायची कढई आमच्यापुढेच मांडली. वाफ सगळी आमच्या तोंडावर. उकडलेल्या हळदीचा ओला ढीगही आम्हालाच टेकवून. का? तर अंगणात मधोमध टाकला की साहेबांच्या मोटारसायकलीला जागा उरत नाही! खालच्या फळ्या मऊ पडल्या. गंगूताईंची वाकळ दमट राहू लागली, छाती वाजू लागली.

२००१ साली हळद नुकतीच शिजून झाली होती. राधाकृष्णाच्या मुलीला, अनुश्रीला बघायला पाहुणे येणार होते. हा ऑईलपेंटचा डबा घेऊन आला.

"अरे, आधी सडक्या फळ्या बदल," गंगूताई म्हणाल्या. "लाकूड वलं हाये. वरून रंग काहून देऊन राहिला?"

"पाहुणे काय लाकूड चाखून पाहणार हायेत?"

"मंग मला तरी दुसरीकडं निजू दे."

"पाहुणे जाईस्तोवर दम काढ, आई."

"दमच तर निघून राहिला, बाबा!"

ऐकतो कोण? त्याने आम्हाला हिरवागार रंग फासला, फटींत सिमेंट कोंबलं. आतल्या ओलीला बाहेर पडायची वाटच ठेवली नाही. इतकं ठोंब तर बाभळीचं ढलपंही नसतं.

पाहुणे आले. मुलाच्या आईला, मंजुळाबाईंना आमच्या सावलीत खुर्ची दिली. त्या मागे रेलल्या आणि आम्ही तिघी फळ्या रंगासकट आत कोसळलो, थेट बाजेवर. गंगूताई पायथ्याला बसल्या होत्या म्हणून वाचल्या. मंजुळाबाईंनी भगदाडातून हात घालून वाकळ चाचपली.

"म्हातारीला ह्या वलीत निजवता व्हय?"

"लाकूडच दगाबाज निघालं हो," राधाकृष्ण म्हणाला. निर्लज्ज!

अनुश्रीने आजीला हात धरून बाहेर आणलं आणि पाहुण्यांच्या देखत बैठकीतल्या दिवाणावर निजवलं. "आजी आता इथंच ऱ्हाईल," एवढंच बापाला सांगितलं.

मंजुळाबाई म्हणाल्या, "पोरगी पसंत हाये."

राधाकृष्ण अजूनही गावभर सांगतो, सोयरीक रंगामुळे जमली.

आम्ही तिघी न्हाणीमागे पडून आहोत. मित्रांनो, रंगाचा डबा उघडण्याआधी भिंतीपलीकडच्या माणसाचं अंथरूण चाचपून बघा. ओलं लागलं तर ब्रश खाली ठेवा, आणि थोडी लाज वाटू द्या.