जिभा छाटलेले मासे

लेकीच्या लग्नात टेलर मास्तरांनी व्याह्यांचा कोट शिवला होता, आणि ऐन फोटोच्या वेळी त्याचं बटण उडून फोटोग्राफरच्या कपाळावर बसलं होतं. झालं! तेव्हापासून व्याहीबुवा तयार कपडे घालतात आणि मास्तरांशी हवापाण्यापलीकडे बोलत नाहीत. म्हणूनच त्यांनी आपणहून "चला, समुद्रावर मासे पकडायला जाऊ" म्हटल्यावर लेकीने फोनवर बजावलं, "बाबा, एवढं नीट जमवा हो. दोन्हीकडून मलाच ऐकावं लागतं."

मास्तरांनी आजवर फक्त तळ्यात गळ टाकलेला. पण माघार घेतील तर ते मास्तर कसले! बायकोला घेऊन थेट मासेमारीच्या सामानाचं दुकान गाठलं.

"कुठला मासा पकडायचाय?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

"मोठा," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "उष्ण समुद्रातले मासे दांडगे असतात. ही विणलेली, धाग्याएवढी बारीक दोरी घ्या. टोकाला पोलादी तार लावा, नाहीतर दातांनी कचकन तोडतात. आणि गळ न गंजणारे." मास्तरांनी सवयीने दोरी दोन्ही हातांनी ताणून पाहिली. असा धागा तेव्हा मिळाला असता, तर ते मेलं बटण बापजन्मी उडालं नसतं!

मग माशांना भुलवायला दोरीला बांधायचे, भिंतीवर टांगलेले खोटे मासे. लाल डोक्याचे, चंदेरी, पोपटी. मास्तर रंग निवडायला लागले की संपलंच. दाराशी उजेडात नेऊन बघ, बायकोच्या खांद्यावर धरून बघ.

"अहो, मासा ते गिळणार आहे, नेसणार नाहीये!" बायको वैतागली.

घरी आल्यावर मास्तरांना दिसलं, प्रत्येक खोट्या माशाच्या हनुवटीखालून प्लास्टिकची एक पारदर्शक पट्टी बाहेर आलीय. "बघितलंस? माल चांगला, पण फिनिशिंगच्या नावानं बोंब!" असं म्हणत त्यांनी मोठी कात्री घेतली आणि सगळ्या पट्ट्या छाटून टाकल्या. लोंबता धागा दिसला तरी ज्या माणसाला जेवण जात नाही, त्याला ही पट्टी कशी बघवणार?

समुद्रात पोचल्यावर बोटवाल्याने मास्तरांचा डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. "काका, यांच्या जिभा कुठायत? त्या जिभेमुळेच तर हे खाली बुडी मारतात! आता बसतील नुसते वर तरंगत."

व्याहीबुवा पोट धरधरून हसले. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा तेच! आता लेकीला काय सांगायचं?

व्याह्यांनी आपल्या डब्यातला खोटा मासा पाण्यात सोडला. थोड्या वेळाने असा हिसका बसला की गळाच्या काठीची कमान झाली. व्याहीबुवा मागे रेलले, पोटाने जोर लावला आणि टक्! तयार पँटचं बटण समुद्रात. पँट घसरायला लागली. काठी सोडावी तर मासा जातो, धरावी तर अब्रू.

"अहो मास्तर, बघताय काय? काहीतरी करा!"

मास्तरांच्या कॉलरला सुई कायम टोचलेली. त्यांनी विणलेल्या दोरीचा तुकडा ओवला आणि पँटची कंबरच टाके घालून बंद करायला घेतली.

"हलू नका!"

"मी नाही हलत, मासा हलवतोय!"

"मग पोट तरी आत घ्या!"

मासा बोटीत आला, चांगला लठ्ठ. व्याहीबुवांनी कंबर चाचपली. ढिम्म हलेना.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तो कोट मी टाकला नाही हो. कपाटात आहे. बटण लावून द्याल? याच दोरीनं."

मास्तरांना भरून आलं. "गेल्या गेल्या लावतो! आणि बाह्या जरा लांब वाटतात, त्याही थोड्या..."

"फक्त बटण!" व्याहीबुवा ओरडले. "कात्रीला हात लावाल तर खबरदार!"