कठड्याजवळचे उंच स्टूल

मित्रांनो, चीनमधल्या चोंगछिंग शहरातल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे जे जुने स्टूल कलंडून पडले आहे, ते मी.

सुताराने मला कापराच्या झाडाच्या लाकडातून घडवले. तेव्हा इथे गच्चीवर नवा बार निघत होता आणि लिफ्ट सुरू झाली नव्हती. रान शिग्वेई नावाच्या हमालाने मला बांबूला टांगून सगळे जिने चढून वर आणले. कठड्याजवळ ठेवले, कपाळ पुसले आणि समोर न बघताच तो पुढच्या ओझ्यासाठी खाली गेला.

माझी जागा सगळ्यांत चांगली. खाली दोन नद्यांचा संगम, पलीकडे दिव्यांनी उजळलेले मनोरे. माझ्यावर बसण्यासाठी लोक भांडत. मला त्याचा अभिमान वाटे.

काही वर्षांनी शिग्वेईची मुलगी सूहुई इथे कामाला लागली. बाबांना एकदा पाहुण्यासारखे इथे बसवायचे, एवढीच तिची हौस. मला पुसता पुसता ती त्याला फोन लावी.

"बाबा, आज आभाळ एकदम मोकळं आहे. या ना."

"या कपड्यांत? तुझी मालकीण मला सामानाच्या दाराने पिटाळेल," तो हसे. मग खोकल्याची उबळ येई आणि बोलणे तुटे. उन्हाळा असाच गेला.

हिवाळ्यात खोकला फार वाढला, तेव्हा ती त्याला हाताला धरून घेऊनच आली आणि तिने त्याला माझ्यावर बसवले. पण त्या दुपारी धुके इतके दाट होते, की कठड्यापलीकडे काहीच नव्हते.

"पोरी, हे बघायला लोक लांबून येतात होय?"

"थांबा हो बाबा. निवळेल आत्ता."

मालकीण पू बाई आल्या. सूहुई दचकून बाजूला झाली. पण बाईंनी खाऱ्या शेंगदाण्यांची बशी पुढे ठेवली. "बसा निवांत," त्या म्हणाल्या.

संध्याकाळ झाली तरी धुके हटले नाही. समोर दिवे लागले असतील, पण इथे नुसता पांढुरका उजेड.

"नदी इकडेच ना?" त्याने विचारले.

सूहुईने त्याचे बोट धरून दिशा दाखवली. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.

नववर्षाच्या सणाआधीच त्या खोकल्याने तो गेला.

सूहुई कामावर परतली त्या संध्याकाळी आभाळ लख्ख होते. एका तरुणाने माझ्यावर हात ठेवून विचारले, "इथे कोणी आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "यायचेत अजून."

बार बंद होईपर्यंत मी रिकामे राहिले.

पुढे ती दुसऱ्या शहरात गेली. लोखंडी खुर्च्या आल्या आणि मला इथे टाकले. पावसाने माझे सांधे सुटले आहेत.

मित्रांनो, जुन्या लाकडाला पावसात टाकू नका. कधीमधी तेलाचा हात फिरवा. आणि एखादा थकलेला माणूस एवढे वर आलाच, तर त्याला पाठ असलेली, बुटकी खुर्ची द्या. तो माझ्यावर बसला होता, तेव्हा त्याचे पाय टेकत नव्हते.