बत्तीस ठिपक्यांचा होला

मी संगणकाच्या पडद्यावरचा एक जुना आयकॉन आहे, मित्रांनो. बत्तीस ठिपके लांब, बत्तीस ठिपके रुंद, एवढाच माझा जीव.

सोलो शहरातल्या वाकिनीबाईंनी मला घडवले. त्यांची हयात बाटिकच्या कापडावर मेणाचे ठिपके देण्यात गेली. पुढे हात थरथरू लागला, मेण भलतीकडे सांडू लागले, तेव्हा एंदांगने, त्यांच्या लेकीने, त्यांना आयकॉन काढायच्या सॉफ्टवेअरपुढे बसवले. एका चौकोनात एक ठिपका!

"अगं, हे तर आपलंच काम! आणि चुकलं तर कापड वाया जात नाही," त्या हसल्या. तीन दिवस खपून त्यांनी मला काढले. राखाडी होला, कबुतरासारखाच पण लहान पक्षी, गळ्यावर बारीक पट्टे. भोवतीचे चौकोन पारदर्शक ठेवले. "याला पिंजरा नको," म्हणाल्या.

बाईंना वाचता येत नव्हते, पण माझे चित्र ओळखू येई. माझ्यावर दोनदा टिचकी मारली की त्यांच्या दिवंगत नवऱ्याने पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी टेप करून ठेवलेला होल्याचा आवाज सुरू होई. चाळीस मिनिटे नुसते घुमणे. अगदी शेवटी मात्र त्यात नवऱ्याचाच आवाज येई, "अगं एंदांगच्या आई, भांडी नंतर घास की! होला बोलतोय." त्या एका वाक्यासाठी बाई रोज चाळीस मिनिटे बसत. मला केवढा अभिमान वाटे!

एंदांगला त्या वाक्याचे ठाऊक नव्हते. आईला पक्षी आवडतो, एवढेच तिला वाटे. जुन्या आवाजात खरखर फार, म्हणून तिने शेजाऱ्यांच्या गोड गळ्याच्या होल्याचा आवाज टेप करून आणला, माझ्यामागे ठेवला आणि जुना आवाज कायमचा पुसला.

त्या दिवशी बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

"आवडला ना, आई? किती स्वच्छ आहे बघ!"

"तुझे बाबा कुठे गेले गं?"

सगळे कळल्यावर एंदांग ढसाढसा रडली. तिने मलाही पुसायला घेतले, तर बाईंनी तिचा हात धरला. "राहू दे. त्या बिचाऱ्याला कुठं काय ठाऊक?"

मला ठाऊक आहे, मित्रांनो, आणि काळीज फाटते. घरातले काही पुसण्याआधी ज्याचे आहे त्याला एकदा विचारा. बाई आजही रोज माझ्यावर टिचकी मारतात. मी त्यांना परक्याचा होला ऐकवतो, आणि त्या तो शेवटपर्यंत ऐकतात.